दोष रक्ताचा की उशिराचा?

“त्यांच्या घराण्यालाच ताप सोसत नाही.”

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकले असेल. कोणाच्या तरी तेराव्याला, मागच्या अंगणात चहा घेता घेता एखादे वडीलधारे माणूस ते हळूच बोलते, बाकीचे मान हलवतात आणि विषय तेथेच संपतो. आम्हीही आजवर अशी मान हलवीत आलो. परंतु गेल्या जुलै महिन्यात हे वाक्य आमच्याच अंगणात बोलले गेले. त्या दिवसापासून आम्हाला ते पटेनासे झाले आहे. ते अगदी खोटे आहे म्हणून नव्हे. त्यात अर्धे सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्याचा आपण फार वाईट उपयोग करतो, असे आमचे मत झाले आहे.

आमचा धाकटा चुलतभाऊ गवंडीकाम करीत असे. वय एकोणचाळीस. एका शुक्रवारी कामावर त्याच्या पायाला पत्रा लागला. जखम लहान होती, त्याने फडके गुंडाळले. शनिवारी हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांनी सित्रोनेलचा काढा दिला, वर एक पांघरूण घातले. रविवारी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून “सोमवारी बघू” असे ठरले. रविवारी रात्री तो असंबद्ध बोलू लागला. हातपाय गार पडले होते, आणि सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती हे तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले. सोमवारी पहाटे त्याला रुग्णालयात नेले. तेथील मंडळींनी आपल्याकडून शर्थ केली. मंगळवारी तो गेला. डॉक्टरांनी सांगितलेले कारण होते सेप्सिस.

सोमवारी पहाटे डॉक्टरांनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. “तुमच्या घरात कमी वयात अशा तापाने किंवा जंतुसंसर्गाने कोणी गेले आहे काय?” आम्ही पाच-सहा माणसे तेथे उभे होतो. आम्ही सर्वांनी सांगितले, “नाही, डॉक्टरसाहेब. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत.”

तेराव्या दिवशी थोरल्या काकींनी ते वाक्य उच्चारले. आम्ही खोदून विचारले तेव्हा कळले की आजोबांचे एक भाऊ चाळिशीच्या आत, गळवाचे निमित्त होऊन तीन दिवसांच्या तापात गेले होते. त्याच काकींची पहिली मुलगी दोन वर्षांची असताना दोन दिवसांच्या तापाने गेली होती. आम्हाला त्या मुलीचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. हे कधी कोणी का सांगितले नाही, असे विचारल्यावर काकी म्हणाल्या, “घरात लग्नाच्या मुली होत्या, बाळा. असे सांगत बसलो असतो तर कोणी उंबरा चढला असता का?”

सोमवारी पहाटे आम्ही खरे उत्तर दिले असते तर भाऊ वाचला असता, असा दावा आम्ही करीत नाही. तोवर फार उशीर झाला होता. आमच्या घरातले हे तीन मृत्यू एकाच आनुवंशिक कारणाने झाले, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु ही हकिकत शनिवारीच घरात सर्वांना ठाऊक असती, तर “सोमवारी बघू” असे कोणी म्हटले असते काय? हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही, आणि म्हणूनच आज हा विषय येथे मांडीत आहोत.

प्रथम सेप्सिस म्हणजे काय ते पाहू. जुनी माणसे “रक्तात विष भिनले” असे म्हणत. विज्ञान आज थोडे वेगळे सांगते. जंतू शरीरात शिरले की शरीर त्यांच्याशी लढते, ताप येतो, सूज येते. हे सर्व आपल्या रक्षणासाठीच असते. परंतु कधी कधी ही लढाई आवरेनाशी होते आणि शरीराचा प्रतिकारच शरीराच्या अवयवांना इजा करू लागतो. उसाच्या शेताला आग लागली की ती अडविण्यासाठी समोरून दुसरी आग लावण्याची युक्ती आपल्या वाडवडिलांना माहीत होती. ती दुसरी आग हाताबाहेर गेली तर आपलेच शेत जळते. सेप्सिसमध्ये असेच काहीसे घडते. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे थांबतात, मेंदू गोंधळतो. २०१६ साली तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येतही हेच सांगितले आहे: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जिवावर बेतणे, म्हणजे सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख लोक दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षी जगातील दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच घरात, एकच अन्न खाणाऱ्या दोन माणसांना सारखीच जखम होते. एकाची आठवड्यात भरते, दुसऱ्याच्या जिवावर बेतते. यात रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, काही भाग असतो काय?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर डेन्मार्क देशातून आले. आई-वडील आणि मुले एकाच घरात राहतात, तेव्हा मुलाने काय रक्तातून घेतले आणि काय घरातून घेतले हे वेगळे करणे कठीण असते. परंतु दत्तक मुलांच्या बाबतीत ते करता येते, कारण त्यांचे रक्त एका घरचे आणि चूल दुसऱ्या घरची. डेन्मार्कमध्ये दत्तकाच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेल्या आणि लहानपणीच परक्या घरी दत्तक गेलेल्या मुलांच्या ९६० कुटुंबांचा अभ्यास करून तेथील संशोधकांनी १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मुलाचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने वारले होते, त्या मुलाला स्वतः जंतुसंसर्गाने मरण येण्याचा धोका इतरांच्या सुमारे ५.८ पट होता. दत्तक घेणारे आई-वडील जंतुसंसर्गाने लवकर गेले असतील तर मात्र मुलाच्या धोक्यात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. याच अभ्यासात कर्करोगाचे चित्र उलटे निघाले. तेथे जन्मदात्यांपेक्षा वाढविणाऱ्या घराचा संबंध अधिक दिसला.

आपण सर्वसाधारणपणे उलट समजतो. संसर्ग म्हणजे बाहेरून आलेला रोग, त्याचा रक्ताशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. रोगाचा जंतू बाहेरून येतो हे खरेच आहे. परंतु त्याच्याशी लढण्याची रीत आपण पुष्कळ अंशी आई-वडिलांकडून घेऊन येतो. येथे एक खुलासा केला पाहिजे. सहापट धोका म्हणजे मरण ठरलेलेच, असा अर्थ नव्हे. मूळ धोका लहान असेल तर त्याची सहापटही मर्यादितच राहते, आणि त्या अभ्यासातील अशा आई-वडिलांची पुष्कळ मुले या कारणाने गेली नाहीत.

शरीर जंतू ओळखते कसे, याचा एक धागा १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या प्रयोगशाळेत सापडला. उंदरांची एक जात अशी होती की जंतूंचे विशिष्ट विष टोचले तरी तिला काही होत नसे. वरवर पाहता हे उंदीर भाग्यवान वाटतील. परंतु त्या प्रकारचे जिवंत जंतू शरीरात शिरले की हेच उंदीर इतरांपेक्षा लवकर मरत. त्यांच्या एका जनुकात बिघाड होता. शत्रू आला आहे हे ओळखणारा पहारेकरीच त्यांच्याकडे नव्हता, म्हणून गडबडही होत नसे आणि बचावही होत नसे. या शोधाबद्दल बॉयटलर यांना २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे माणसांतही असे प्रकार आढळले. २००३ साली काही मुलांत एका जनुकाचा असाच बिघाड सापडला. त्यांना न्यूमोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग पुन्हा पुन्हा आणि जीवघेणा होई, आणि कित्येकदा तापही फारसा चढत नसे. हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आला तरच प्रकट होतो. आई-वडील स्वतः धडधाकट असतात.

असे एका जनुकाचे दोष फार दुर्मिळ आहेत. बहुसंख्य माणसांत अनेक जनुकांचे लहान लहान फरक मिळून काम करतात आणि त्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. काही फरकांची नावे मोठ्या आशेने पुढे आली आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत टिकली नाहीत. अमुक माणसाला सेप्सिस होईल आणि तमुकाला होणार नाही, असे सांगणारी रक्ताची चाचणी आजही उपलब्ध नाही. तशी चाचणी कोणी विकू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता आपल्या पूर्वजांच्या मुलखाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण. २०२० साली कोरोनाची साथ आली. त्या आजारात अत्यवस्थ झालेल्या पुष्कळ रुग्णांची अवस्था सेप्सिसचीच होती. त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या संशोधकांनी दाखवून दिले की हा आजार गंभीर होण्याचा धोका वाढविणारा जनुकांचा एक तुकडा माणसाला निअँडरथल नावाच्या, आज नामशेष झालेल्या मानवजातीकडून सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी मिळाला. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात सुमारे सहांत एकात. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले, म्हणजे तो आपल्याही पुष्कळ घरांत असणे शक्य आहे. हे वाचून कोणी म्हणेल, “पाहा, आपले रक्तच खराब!” परंतु गोष्ट येथे संपत नाही. २०२२ साली झेबर्ग यांनी असेही दाखविले की हाच तुकडा ज्यांच्याकडे असतो त्यांना एचआयव्हीची बाधा होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. जे एका रोगात मारते तेच दुसऱ्या रोगात तारते. सिकलसेलच्या जनुकाचेही तसेच आहे. एका बाजूने आला तर मलेरियापासून बचाव करतो, दोन्ही बाजूंनी आला तर आजार जडतो. ज्या बेटावर १८६६ ते १८६८ च्या मलेरियाच्या साथीत हजारो माणसे गेली, त्या बेटावरच्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, “चांगले रक्त” आणि “वाईट रक्त” ही भाषा आपण सोडून दिली पाहिजे. प्रत्येक घराण्याच्या रक्तात काही बळकट दुवे आहेत आणि काही दुबळे. ज्या घराण्याने आपला दुबळा दुवा उघड सांगितला, ते घराणे हलके ठरत नाही. ते प्रामाणिक ठरते. आपला समाज लहान. वाक्वापासून ब्लॅक रिव्हरपर्यंत सोयरिकी फिरून फिरून त्याच त्या घराण्यांत होतात. दोन्ही बाजूंनी आल्यावरच प्रकट होणाऱ्या दोषांच्या बाबतीत तर अशा लहान समाजाने अधिक मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपण नेमके उलट करतो. लग्न मोडेल या भीतीने गेलेल्या लेकराचे नावसुद्धा पुसून टाकतो. काकींना आम्ही दोष देत नाही. त्यांना गप्प बसविणारा समाज आपणच आहोत. मुलगी पाहायला जाताना “त्यांच्याकडे काही आजारबिजार नाही ना?” असे कुजबुजत विचारणारेही आपणच.

आमचे दुसरे म्हणणे त्याहून महत्त्वाचे आहे. “घराण्यात आहे” हे वाक्य आपण माणूस गेल्यावर समाधानासाठी बोलतो. ते माणूस आजारी पडण्यापूर्वी, सावधपणासाठी बोलले पाहिजे. आनुवंशिक गोष्ट माहीत असली तर तिच्यावर उपाय करता येतो याचा पुरावा आहे. सिकलसेलच्या मुलांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकसचा सेप्सिस त्यांना काही तासांत नेतो. १९८६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशा तीन वर्षांखालील मुलांना दररोज दोन वेळा साधे पेनिसिलिन तोंडाने दिले, तर हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरलेल्या मुदतीआधीच थांबविण्यात आला. मुलांचे रक्त बदलले नव्हते. ते रक्त कसे आहे हे फक्त आधी माहीत झाले होते. त्याचप्रमाणे थॅलसेमियासाठी किंवा अपघातामुळे ज्यांची पाणथरी काढली आहे, त्यांना लसी देऊन आणि तापात लगेच उपचार करून जपता येते. पण डॉक्टरांना ते कळले तर!

कोणी विचारील, घराण्यात काही नसेल तर मग बिनघोर राहावे काय? मुळीच नाही. सेप्सिस कोणालाही होऊ शकतो. नवजात बालके, वृद्ध, बाळंतिणी आणि मधुमेही यांना धोका अधिक. आपल्या बेटावर प्रौढांत सुमारे पाचांत एक मधुमेही आहे. त्यामुळे पायाची बारीक जखम येथे बारीक समजणे परवडणारे नाही. आमच्या भावालाही मधुमेह होता हे रुग्णालयात गेल्यावर कळले. तेव्हा दोष एकट्या रक्तावर टाकू नका. रक्ताचा भाग, मधुमेहाचा भाग आणि उशिराचा भाग, हे तिन्ही तेथे हजर होते. त्यांपैकी उशीर तेवढा पूर्णपणे आमच्या हातात होता.

उशिराची किंमत किती? कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णांच्या २००६ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की सेप्सिसमुळे रक्तदाब उतरल्यानंतर पहिल्या सहा तासांत योग्य औषध द्यायला जितके तास उशीर होतो, त्या प्रत्येक तासाला जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. आम्ही तासांची गोष्ट नव्हे, अख्ख्या रविवारची गोष्ट करीत होतो.

म्हणून वाचकांना आमची दोन कामांची विनंती आहे.

पहिले काम, घराण्याची वही. आपल्यातले कितीतरी लोक मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन पणजोबांचा क्रमांक, त्यांच्या जहाजाचे नाव आणि त्यांचे गाव शोधून आणतात. तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पणजोबा कोणत्या जहाजाने आले हे सांगणाऱ्या आम्हाला आजोबांचे भाऊ कशाने गेले हे सांगता आले नाही. त्याच कागदाशेजारी एक साधी वही ठेवा. घरातले कोण, कोणत्या वयात, कशाने गेले, किती दिवसांच्या आजाराने गेले, एवढेच लिहा. लहानपणी गेलेल्या मुलांची नावेही लिहा. गणेशचतुर्थीला सगळे कुटुंब एका छताखाली येते. आरती झाल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारा. आजी-काकी आहेत तोवरच हे होईल. पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने गेलेले कोणी असेल तर ते आपल्या डॉक्टरांना आजारी नसतानाच सांगा.

दुसरे काम, धोक्याची चिन्हे पाठ करणे. ताप किंवा जखम असलेल्या माणसाचे बोलणे असंबद्ध होणे, जोराची हुडहुडी किंवा असह्य अंगदुखी, दिवसभर लघवी न होणे, धाप लागणे, हातपाय गार पडून कातडीवर निळसर किंवा जांभळे चट्टे उठणे, आणि “आता मी वाचत नाही” असे रोग्याने स्वतः म्हणणे. यातले एक जरी दिसले तरी सोमवारची वाट पाहू नका. काढा जरूर द्या, पण गाडीत बसवून द्या. गाडी नसेल तर ११४ क्रमांकावर सामूला फोन करा. आपल्या सरकारी रुग्णालयांत उपचाराला पैसे पडत नाहीत, तेव्हा पैशाचे कारण येथे नाही. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, “हा सेप्सिस तर नसेल?” असे विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही.

आम्ही वर्गात शिकवतो की प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर “येत नाही” म्हणावे, खोटे उत्तर देऊ नये. त्या पहाटे आम्ही मोठी माणसे खोटे उत्तर देऊन मोकळे झालो, आणि ते खोटे आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या घरच्या वहीत आता पहिल्या पानावर तीन नावे आहेत. काकींनी आपल्या मुलीचे नाव स्वतः सांगितले. भावाचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, आणि ते पान त्याने आपल्या हाताने लिहिले आहे.